जंगलातून घ्यायचे किती, राखायचे किती? सामूहिक वनहक्काच्या जंगलाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि मेळघाटातल्या अनेक गावांकडे आता जंगलाचा सामूहिक हक्क आहे. हक्क हातात आल्यावर गावापुढे लगेच प्रश्न उभा राहतो तो उत्पन्नाचा. बांबू विकला तर पैसा येतो, विडीसाठी लागणारी तेंदूची पाने विकली तर येतो. पण यंदा जे घेतले ते पुढच्या वर्षी उगवेल का? ग्रामसभांमध्ये, प्रशिक्षणांत आणि शहरातल्या मित्रमंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सामूहिक वनहक्क मिळाला म्हणजे जंगल गावाच्या मालकीचे झाले का?

जमीन सरकारचीच राहते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला दोन मोठ्या गोष्टी दिल्या. पहिली, गौण वनोपजाची मालकी. त्यात बांबू, तेंदू, मोह, मध, लाख, डिंक, औषधी वनस्पती हे सगळे येते. दुसरी, आपल्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलाचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार. साग किंवा इतर झाडांचे इमारती लाकूड विकण्याचा हक्क यात नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट असलेले बरे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. तरी बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना मिळेना, कारण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबू 'झाड' म्हणून मोडत होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. २०१२ च्या नियमदुरुस्तीनंतर तर हा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडेच आहे.

कंत्राटदाराकडे माणसे, ट्रक आणि बाजारपेठ असते. जंगल त्यालाच दिले तर काम जास्त कार्यक्षम होणार नाही का?

कार्यक्षमता कशात मोजायची, यावर उत्तर ठरते. कमी दिवसांत, कमी खर्चात जास्तीत जास्त माल डेपोवर पोचवणे एवढेच मोजायचे असेल, तर कंत्राटदार जिंकतो. पण त्याला जो हिशोब करावा लागतच नाही, तो जंगलाला करावा लागतो.

बांबूचे उदाहरण घ्या. मजुरी नगावर असेल तर मजूर रस्त्याजवळचे बेट, म्हणजे बांबूचा झुबका, आधी धरतो. बेटाच्या बाहेरच्या कडेचे बांबू तोडायला सोपे, पण तेच सर्वांत कोवळे असतात. जमिनीलगत तोडायला वाकावे लागते, म्हणून तो कमरेच्या उंचीवर घाव घालतो आणि बुंध्याचा सर्वांत वजनदार भाग तिथेच सडतो. आतला पक्का बांबू तसाच राहून बेट गुंतते. या प्रत्येक गोष्टीने कंत्राटदाराचा खर्च वाचतो. त्याचे मोल पुढची पाच-दहा वर्षे जंगल आणि जंगलावर जगणारे लोक चुकवतात.

मेंढ्याच्या लोकांनी नव्वदच्या दशकात कागद कारखान्यासाठीच्या बांबूतोडीला विरोध केला, त्यामागे हेच होते. वर्षानुवर्षे अशी तोड झाल्यावर काय उरते, हे त्यांनी पाहिलेले होते. मला या सगळ्या विषयाचा गाभा इथेच दिसतो: तोडीचा निर्णय जो घेतो, त्याच्याच पदरात पुढचे नुकसान पडत असेल, तर तो माणूस जपून तोडतो. त्यासाठी तो संत असावा लागत नाही.

याचा अर्थ गाव आपोआप शहाणे असते असाही नाही. ग्रामसभा नियमित बसत नसेल, दोन-चार जणच सह्या करत असतील, तर गावाच्या नावाखाली कंत्राटदारच राज्य करतो. अशी गावेही आहेत.

बांबू किती आणि कसा तोडायचा?

इथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण उत्पन्न आणि जतन एकाच नियमात बसतात ते याच ठिकाणी.

आपल्याकडच्या जंगलात मुख्यतः मानवेल ही बांबूची जात. पावसाळ्यात त्याचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, वर येतात आणि दोन-तीन महिन्यांत बांबू पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर तो उंच किंवा जाड होत नाही, फक्त पिकतो. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास पक्का होतो. कोवळा तोडला तर भुंगेरा लागतो, भाव मिळत नाही. फार वर्षे ठेवला तर जागीच वाळतो. म्हणजे बाजारालाही तीन वर्षांवरचाच बांबू हवा असतो.

आता बेटाची बाजू. नव्या वास्त्यांना लागणारे अन्न जमिनीखालच्या कंदातून येते आणि तो कंद पोसण्याचे काम मुख्यतः एक-दोन वर्षांचे हिरवे बांबू करतात. ते तोडले की पुढच्या पावसात वास्ते कमी आणि बारीक येतात. म्हणून नियम असा: यंदाचा आणि मागच्या वर्षीचा बांबू हात न लावता सोडायचा. वय ओळखणे अवघड नाही. नव्या बांबूच्या पेऱ्यांवर सोपटे, म्हणजे कोंबाची वाळकी आवरणे, चिकटलेली असतात आणि अंगावर पांढरट भुकटी असते. वय वाढते तसा रंग पिवळसर होतो. गावातली जाणती माणसे हे दुरून सांगतात.

बाकीचे नियम असे. बेटात किमान आठ-दहा चांगले बांबू सगळीकडे पसरून राहतील असे पाहायचे. तोड जमिनीपासून वीतभर उंचीवर, पहिल्या पेऱ्याच्या लगेच वर, स्वच्छ घावाने, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. बाहेरची कड राखून एका बाजूने आत शिरायचे आणि आतले पक्के बांबू काढायचे. वरून पाहिले तर बेटाचा आकार घोड्याच्या नालेसारखा दिसतो. जूनअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत तोड पूर्ण बंद. कंद खणायचा नाही.

आणि सगळे जंगल एकाच वर्षी तोडायचे नाही. समजा गावाकडे १,००० हेक्टर बांबूचे जंगल आहे. त्याचे २५० हेक्टरचे चार भाग केले, तर प्रत्येक भागाची पाळी चार वर्षांनी येते. एकाच वर्षी सगळे विकले तर त्या वर्षी गावात पैसा खेळेल, पुढची तीन वर्षे काम नाही, आणि बाजारात एकदम माल आल्याने भावही पडेल. भाग पाडले की दर हिवाळ्यात मजुरी मिळते आणि तरुणांना तेलंगणात मिरची तोडायला जावे लागत नाही. गावासाठी हा फरक पैशाच्या आकड्याहून मोठा आहे.

बांबू तोडलाच नाही तर जंगल आणखी चांगले राहील ना?

मानवेलीच्या बाबतीत नाही. अजिबात तोड न झालेल्या बेटात जुने, वाळके, वाकडे बांबू अडकून राहतात. नव्या वास्त्यांना वर यायला जागा उरत नाही आणि उन्हाळ्यात तेच वाळके बांबू वणव्याला सरपण पुरवतात. ठरावीक जागा मात्र कायमची राखून ठेवावी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने आपल्या सुमारे १,००० हेक्टर जंगलापैकी ३४ हेक्टर असेच वेगळे राखले आहे.

बांबू फुलला तर?

मानवेल अनेक दशकांतून एकदा फुलते. मोठ्या क्षेत्रात एकत्र फुलली की बी धरते आणि बेट मरते. त्या वर्षी बी जमिनीवर पडू द्यावे, मगच वाळलेला बांबू काढावा. त्यानंतर काही वर्षे चराई आणि आग कडकपणे थांबवावी लागते, कारण कोवळी रोपे गवतासारखी दिसतात आणि गुरे ती सहज खातात. पुन्हा तोडण्याजोगे बेट व्हायला आठ-दहा वर्षे लागू शकतात. तेवढा काळ बांबूचे उत्पन्न नाही हे धरूनच गावाने ठेव बाजूला ठेवलेली असावी.

तेंदूपत्ता घ्यावा की नाही?

विदर्भातल्या ग्रामसभांमधला हा सर्वांत कठीण प्रश्न, आणि मला त्याचे एकच उत्तर देता येत नाही.

पैशाच्या बाजूने पाहिले तर तेंदूला तोड नाही. एप्रिलअखेर ते मे, शेतीचे काम नसताना, दोन-तीन आठवड्यांत घरटी रोख रक्कम येते. सकाळी पाने तोडायची, घरी सगळ्यांनी मिळून ७० पानांचा पुडा बांधायचा, संध्याकाळी फडावर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या ठिकाणी, मोजून द्यायचा. असे १,००० पुडे झाले की एक प्रमाण गोणी होते. पूर्वी लोकांना फक्त मजुरी मिळायची. ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्यापासून मालकीची रक्कमही गावाकडे येते. बी-बियाणे, मुलांचे प्रवेश, घराची शाकारणी, सगळे या पैशावर चालते.

जंगलाच्या बाजूने पाहिले तर चिंता आगीची आहे. पाने कोवळी आणि भरपूर यावीत म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये जंगल पेटवले जाते. तेंदूचे झुडूप मुळापासून पुन्हा फुटते, पण साग, बिजा, मोह, चारोळीची लहान रोपे जळून जातात. वर्षानुवर्षे असे झाले की जुनी झाडे दिसतात, त्यांच्याखाली पुढची पिढी दिसत नाही. शिवाय आग लावणारा एक आणि जळणारे जंगल पाच गावांचे, असेही होते.

आगीची गरज नाही. खुटकटाई, म्हणजे तेंदूची लहान झुडपे फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीलगत छाटणे, तेच काम करते आणि त्यात मजुरीही मिळते. ज्या गावांनी आगीवर बंदी घालून खुटकटाई आणि जाळरेषांचे (आग अडवण्यासाठी साफ केलेल्या पट्ट्यांचे) काम लिलावाच्या अटींमध्येच घातले, त्यांना तेंदू आणि जंगल दोन्ही ठेवता येतात. लिलावाआधी हद्दीत आग लागली तर खरेदीदाराला जबाबदार धरता येत नाही, म्हणून करार जानेवारीतच व्हायला हवा.

पाचगावाने वेगळी वाट धरली. आग आणि फांद्यांची छाटणी नको, तेंदूची फळे माणसांना आणि पाखरांना मिळू देत, असे ठरवून त्यांनी पत्ता तोडणेच थांबवले. त्यांच्याकडे बांबूचे उत्पन्न होते, म्हणून ते परवडले. ज्या गावात बांबू नाही, त्याला हा निर्णय शहरात बसून सुचवणे मला योग्य वाटत नाही.

मोह, चारोळी, डिंक, मध यांचे काय?

यातले प्रत्येक उत्पादन वेगळ्या ठिकाणी बिघडते. मोहफुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि बरेचसे वणवे तिथूनच सुरू होतात. पाला झाडून बाजूला करणे किंवा झाडाखाली जाळी लावणे हा उपाय आहे. जाळीवर पडलेले फूल स्वच्छ असते.

चारोळीचे दुखणे घाईचे. 'मी नाही तोडली तर दुसरा तोडेल' म्हणून फळे पिकण्याआधीच ओरबाडली जातात, फांद्या मोडल्या जातात. कच्च्या बियांना भाव कमी, आणि मोडलेली फांदी पुढची कित्येक वर्षे फळ देत नाही. इथे खर्च शून्य असलेला एकच नियम पुरतो: अमुक तारखेआधी कोणीही चारोळीला हात लावायचा नाही. तारीख ग्रामसभेने ठरवायची आणि शेजारच्या गावानेही तीच पाळायची. डिंकासाठी धावड्याला किंवा कुलूला खोल घाव घातला तर झाड मरते. मधासाठी पोळे जाळले तर मोहोळ संपते. मेंढ्यात लोकांनी पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घेण्याची पद्धत शिकून घेतली.

जास्त तोडून आलेला पैसा बँकेत ठेवला तर व्याज मिळेल. मग जंगल हळूहळू वापरण्यात शहाणपण कसे?

प्रश्न रास्त आहे आणि अर्थशास्त्रात तो खूप जुना आहे. सात टक्के व्याजाने पैसा साधारण दहा वर्षांत दुप्पट होतो. पन्नाशीतला साग दहा वर्षांत दुप्पट होत नाही. केवळ या गणिताने चाललो तर जवळजवळ प्रत्येक जुने झाड आजच तोडणे फायद्याचे ठरते.

पण या गणितात झाडाची किंमत म्हणजे फक्त त्याच्या लाकडाची किंमत. मोहाचे झाड उभे असताना दरवर्षी फूल देते, मग टोरी, म्हणजे बी, देते, तिचे तेल निघते. त्याच्या सावलीत माती ओली राहते, खालच्या नाल्याला डिसेंबरपर्यंत पाणी असते, त्या पाण्यावर धानाच्या बांधीत दुसरे पीक निघू शकते. यातले काहीच लाकडाच्या भावात नाही. आणि बँकेतला पैसा देऊन शंभर वर्षांचा मोह विकत मिळत नाही.

दुसरी अडचण पैशाच्या वाटपाची. जंगलातून सगळे घेतात; भूमिहीन, विधवा, म्हातारी माणसेही मोह वेचतात. बँकेतल्या ठेवीवर सही कोणाची, हे तुम्हाला माहीत आहे.

विक्री करताना गाव फसू नये म्हणून काय करावे?

जाहीर निविदा काढा, शक्यतो शेजारच्या ग्रामसभांसह एकत्र. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली, ती अशाच कामांसाठी उपयोगी पडते. एकटे गाव व्यापाऱ्यापुढे लहान पडते. माल फडावरून किंवा डेपोवरून हलण्याआधी ठरलेली रक्कम खात्यात जमा व्हायला हवी. तेंदूचे भाव चढले तेव्हा मोठे आकडे बोलून नंतर पैसे थकवणारे खरेदीदार अनेक गावांनी पाहिले आहेत. म्हणून सर्वांत मोठ्या बोलीपेक्षा आगाऊ रक्कम देणारी बोली बरी. वाहतूक परवान्याचे पुस्तक गावातच राहावे आणि कोरा परवाना सही करून कोणालाही देऊ नये. मजुरी जिने काम केले तिच्याच खात्यात जावी, तिच्या नवऱ्याच्या नाही.

मिळालेला पैसा वाटून टाकावा की जंगलावर खर्च करावा?

मजुरी पूर्ण द्यावी, त्यात काटछाट नको. मजुरीखेरीजच्या रकमेतून ठरावीक हिस्सा जंगलासाठी आधीच वेगळा काढावा: राखण, जाळरेषा, पाणवठे, बेटांची सफाई. उरलेल्याचे काय करायचे ते ग्रामसभेने ठरवावे. हिस्सा किती, यावर भांडणे होतात आणि ती व्हायला हवीत. ज्या गावात पैशावर उघड भांडण होत नाही, तिथला हिशोब मला संशयास्पद वाटतो.

वनविभाग आणि वनविकास महामंडळाचे काय?

वनविभागाकडे कार्य आयोजनेचे, म्हणजे जंगलातल्या कामांच्या त्याच्या आराखड्याचे, जुने नकाशे, कक्षनिहाय नोंदी आणि मोजणीचे ज्ञान आहे. ते मागून घ्यावे. व्यवस्थापनाचा आराखडा मात्र गावानेच करावा. १९७४ साली स्थापन झालेल्या महामंडळाने अनेक ठिकाणी मिश्र जंगल तोडून सागाची रोपवने केली. लाकडाच्या उत्पन्नात ती बसतात, पण त्यात मोह, चारोळी, तेंदू आणि कंदमुळे मिळत नाहीत. सरकारी ताळेबंदात हा तोटा दिसत नाही. तो गावाच्या जेवणात दिसतो.

जंगलात वाघ वाढले आहेत. वनोपज गोळा करणे बंद करावे का?

ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीच्या पट्ट्यात हा जिवाचा प्रश्न आहे. मोहाच्या दिवसांत पहाटे अंधारात एकटी बाई वाकून फुले वेचत असते, तीच सर्वांत धोक्याची वेळ. उजाडल्यावर जाणे, गटाने जाणे, एकाने उभे राहून लक्ष ठेवणे, वाघाचा वावर कळला की तो भाग काही दिवस सोडणे, हे ठराव करून पाळावे. जाळीचा इथेही उपयोग होतो: पहाटेच पोचायची घाई राहत नाही.

खाणीसाठी जंगल दिले तर एकदम मोठी रक्कम आणि नोकऱ्या मिळतात. त्यापुढे बांबू-तेंदूचे उत्पन्न ते किती?

रकमा नीट पाहाव्यात. वनजमीन दुसऱ्या वापरासाठी घेताना जंगलाचे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे त्याच्या पुढच्या काळातल्या लाभांची आजची किंमत, भरावे लागते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये होते, पुढे ते वाढले. पण हा पैसा भरपाई वनीकरणाच्या निधीत जातो, ज्या गावाचे जंगल गेले त्याच्या खात्यात नाही. खनिज एकदाच निघते. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली १२ ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. माझे मत स्पष्ट आहे: संमती विचारायचीच असेल तर आधी गावाला त्याच्या जंगलाचे दरवर्षीचे पूर्ण उत्पन्न, घरी खाल्लेल्या वनोपजासह, मोजून द्यावे. ते मोजल्याशिवाय झालेली तुलना खोटी असते.

आमच्याकडे बांबूही नाही आणि जंगल विरळ आहे. आम्हाला यातून काही मिळेल का?

अचलपूर तालुक्यातले पायविहीर पाहा. १९३ हेक्टर उजाड झालेल्या जंगलावर त्यांना हक्क मिळाला. त्यांनी चराई आवरली, माती-पाण्याची कामे केली, झाडे लावली. जंगलातली सीताफळे गाव स्वतः बाजारात विकू लागले. २०१४ साली गावाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. विरळ जंगलात आधी काही वर्षे मजुरी रोजगार हमीतून काढावी लागते, वनोपजाची घाई करता येत नाही.

पट्टा मिळाला, पण आराखडा नाही. सुरुवात कुठून करावी?

हद्द चालून या, म्हाताऱ्यांना आणि बायकांना सोबत घेऊन. कुठे काय मिळते हे बायकांना जास्त माहीत असते. मग जंगलाचे भाग पाडा आणि प्रत्येक भागात काही नमुना तुकडे आखा. त्यात बांबूची बेटे किती, बेटात नवे वास्ते किती, मोहाची आणि चारोळीची रोपे किती, हे मोजा. दरवर्षी पावसाळ्यानंतर त्याच तुकड्यांत पुन्हा मोजा. वही दोन रकान्यांची ठेवा: डावीकडे त्या भागातून काय नेले, उजवीकडे काय उगवले. उजवा रकाना सलग दोन वर्षे घटला, तर त्या भागातली तोड थांबवण्याचा ठराव आधीच करून ठेवा, म्हणजे भाव चढलेल्या वर्षी त्यावर वाद घालत बसावे लागणार नाही. मोजणीला दहावी-बारावी झालेली मुले-मुली पुरतात. त्यांना त्या दिवसांची मजुरी द्या.